आधी मान कोणी हलवावी?

एस.टी.ने प्रवास करणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट नक्कीच पाहिली असेल. समोरून दुसरी एस.टी. आली की दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना हात वर करतात. डेपो एक असो की वेगळा, ओळख असो की नसो, हात वर होतोच. लहानपणी आम्हाला वाटायचे की हे सगळे ड्रायव्हर एकमेकांचे नातेवाईक असावेत. पुढे आम्ही नोकरीला लागलो, एक जुनी स्प्लेंडर विकत घेतली, आणि मग समजले की नाते रक्ताचेच असावे लागते असे नाही. एकाच रस्त्याचे ऊन, धूळ आणि खड्डे खाणाऱ्यांचेही एक नाते असते. या नात्याचे जे अभिवादन असते त्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. विषय किरकोळ वाटेल. पण या किरकोळ विषयाने एकदा आमचे घर उद्ध्वस्त व्हायचे वाचले आहे.

आम्ही राहतो कामठीला आणि कारकुनी करतो नागपूरला. जाऊन-येऊन रोजचे तीसेक किलोमीटर होतात. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत मेट्रो २०२२ साली आली खरी, पण घरापासून चौकापर्यंत दुचाकी लागतेच, आणि एकदा गाडीवर बसल्यावर माणूस म्हणतो, आता चाललोच आहोत तर ऑफिसपर्यंत जाऊ. त्यामुळे वीस वर्षांत आमच्या ओळखीच्या गाड्या खूप झाल्या. माणसे नव्हे, गाड्या! सव्वानऊला भेटणारी काळी पॅशन, तिच्यामागे दवाखान्यात ड्यूटीला जाणाऱ्या ताईंची पांढरी स्कूटी, डब्यांच्या पिशव्या लटकवलेली एक सी.डी. हंड्रेड. यांपैकी कोणाचेही नाव आम्हाला ठाऊक नाही. पण चार दिवस पॅशन दिसली नाही की मनात येते, बरे आहे ना बिचाऱ्याचे?

आपल्याकडे दुचाकीवाल्यांची एक बिनशब्दांची भाषा आहे. ती कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत, तरी सर्वांना येते. समोरच्याने हाताची बोटे मिटून-उघडून दाखवली की समजावे, दिवसाउजेडी आपला हेडलाईट चालू राहिला आहे. (१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे आपोआप चालूच राहतात. तरीही कित्येक भले लोक अजून बोटे मिटून-उघडून दाखवतात. नियम बदलला, पण काळजी काही बदलली नाही.) कोणी पंजा खाली दाबल्यासारखा करत गेला तर पुढे काहीतरी आहे, गाडी हळू घ्या. कोणी मागच्या चाकाकडे बोट दाखवले तर हवा गेलेली असते, नाहीतर काहीतरी लोंबत असते. आणि सर्वांत मोठा परोपकार म्हणजे, "भाऊ, स्टँड! स्टँड!" गाडीचा साईड स्टँड खाली राहिला आणि डावीकडे वळताना तो जमिनीला टेकला की गाडी उलटतेच. नव्या गाड्यांत स्टँड खाली असला की इंजिन बंद पडण्याची सोय येऊ लागली आहे, पण आपल्या वस्त्यांतल्या बहुतेक गाड्या जुन्या. त्या गाड्यांचे रक्षण अजून अनोळखी माणसांच्या आरोळीवरच चालते. ही आरोळी मारणारा तुमचे नाव, गाव, आडनाव विचारत नाही. स्टँड वर गेलेला पाहतो, मान हलवतो आणि आपल्या वाटेने जातो.

ही मान हलवणे म्हणजेच रस्त्यावरचे अभिवादन. आणि इथेच आमची अडचण होती. समोरच्याने मान हलवली तर आम्हीही हलवत असू. पण आधी आम्ही, हे मात्र कदापि नाही! असा आमचा नियम होता आणि तो आम्ही दहा वर्षे कसोशीने पाळला. या नियमाचे कारण सांगावयाचे तर आमच्या वडिलांच्या सायकलीपर्यंत मागे जावे लागेल.

आमचे मूळ गाव भंडारा जिल्ह्यात. तिथे आमच्या आजोबांच्या तरुणपणी आपल्या माणसाने वाटेत कोणी मालक दिसला की बाजूला सरून, वाकून, आधी 'जोहार' घालावयाचा, अशी रीत होती. मालक उत्तर देईल अशी अपेक्षा नसे. तो अभिवादनाचा प्रकार नव्हताच. ती एक वसुली होती. १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आजोबांनी जोहार सोडला, मेलेली ढोरे ओढणे सोडले. पण गाव एका दिवसात बदलत नाही. १९६६ च्या सुमारास तेंदूपत्त्याच्या हंगामाचे आणि बिड्या वळण्याचे पैसे साठवून वडिलांनी एक जुनी सायकल घेतली. आपल्या मोहल्ल्यातली ती पहिली सायकल. पण गावच्या मोठ्या वाड्यासमोर आले की सायकलीवरून खाली उतरावयाचे, वाडा संपेपर्यंत ती हाताने ढकलत न्यावयाची आणि ओसरीवर कोणी बसले असेल तर आधी आपण रामराम घालावयाचा. हे कोठे लिहिलेले नव्हते. न उतरणाऱ्याचे काय होते हे मात्र सर्वांना ठाऊक होते.

वडील दोन वर्षे उतरले. एके दिवशी ते उतरले नाहीत. पायंडल मारत, सरळ मान ठेवून वाड्यासमोरून निघून गेले. मारहाण झाली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून घरातल्या कोणालाच गावात मजुरी मिळाली नाही. महिनाभराने वडिलांनी त्याच सायकलीला पेटी बांधली आणि नागपूर गाठले, गिरणीत लागले. आम्ही बी.कॉम. झालो, खुर्चीवर बसून नोकरी करतो, ते त्या एका दिवसाच्या न उतरण्यामुळे. हा प्रसंग आम्ही वडिलांकडून इतक्यांदा ऐकला होता की आमच्या मनाने त्यातून एक अर्थ काढून ठेवला: आपण आधी मान झुकवायची नाही.

आपल्या समाजाने अभिवादनाचे मोल फार देऊन जाणले आहे. ज्या कामठीत आम्ही राहतो तिथलेच बाबू हरदास एल. एन. १९०४ ला जन्मले आणि १९३९ ला, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेले. विडी कामगारांना संघटित करणारा आणि १९३७ साली मध्य प्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून गेलेला हा तरुण. 'जय भीम' या आपल्या अभिवादनाचे श्रेय त्यांनाच दिले जाते. जोहारात एकाने वाकावयाचे असते. 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम'च असते. देणारा आणि घेणारा एकाच उंचीवर उभे. हा फरक लक्षात घेतला तर आधी कोण म्हणाले याला काहीच अर्थ उरत नाही. पण हे आम्हाला पुस्तकात समजले होते, रस्त्यावर समजले नव्हते.

रस्त्यावर आम्ही काय करत होतो? समोरच्याचे मडगार्ड पाहत होतो. हेल्मेट घातले की माणसाचा चेहरा झाकतो. कपाळ दिसत नाही, गळ्यातले दिसत नाही. म्हणजे खरे तर समतेचीच टोपी! पण जे हेल्मेटने झाकले ते लोक नंबर प्लेटवर आणि मडगार्डवर लिहून ठेवतात. कोणाचे घराणे, कोणाचा देव, कोणाची तलवार, कोणाचा वाघ. नंबर प्लेटवर नंबराखेरीज काही लिहू नये असा नियम आहे, पण पाळतो कोण? आपल्याही पोरांच्या गाड्यांवर निळी चक्रे आणि 'जय भीम' असतेच, आमच्याही गाडीवर होते. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे निघालेल्या गाड्यांवर निळे झेंडे पाहिले की आमचा हात आपोआप वर जाई आणि "जय भीम" तोंडातून निघे. ते रास्तच आहे. पण वर्षाचे उरलेले दिवस आम्ही आधी स्टिकर वाचत असू आणि मग मान हलवायची की नाही ते ठरवत असू. थोडक्यात, गावात आमचे आडनाव विचारणाऱ्यांवर आम्हाला जो राग होता, तेच काम आम्ही ताशी चाळीसच्या वेगाने करत होतो.

आता तो प्रसंग सांगतो. साल २०१२, मे महिना. पारशिवनीकडे एका नातलगाच्या मुलीचे साक्षगंध होते. मुलाला वडिलांजवळ ठेवून आम्ही आणि आमच्या मंडळी सकाळीच निघालो. मंडळी अंगणवाडी सेविका. त्या दिवशी त्यांनी पांढरी साडी नेसली होती, खांद्याला पदर पिनेने पक्का केला होता, मांडीवर आहेराची पिशवी. दोन्ही पाय डाव्या बाजूला घेऊन, आपल्या बाया बसतात तशा त्या बसल्या होत्या.

आणि इथे आमचा गुन्हा आधीच कबूल करतो. आमच्या गाडीचे साडीगार्ड तीन महिन्यांपूर्वी एका बाजूने तुटून खडखड करत होते. ते आम्ही काढून घरी माळ्यावर टाकले होते. 'लावू पुढच्या पगाराला,' असे दोन पगार होऊन गेले होते. दुचाकीच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. दिवसभर सरकारी नियमांच्या फायली चाळणाऱ्या कारकुनाला स्वतःच्या गाडीचा नियम ठाऊक नव्हता.

कन्हानचा पूल ओलांडला आणि थोड्या वेळाने मागून एका एम-एटीचा हॉर्न सुरू झाला. एकसारखा. आरशात पाहिले तर पन्नाशीचा एक माणूस, डोक्याला पांढरा दुपट्टा, गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन. तो हात खालीवर करत होता. आम्ही बाजू दिली नाही. मग तो जोर करून उजवीकडून आमच्या बरोबरीला आला, काहीतरी ओरडला आणि आमच्या गाडीकडे हातवारे करू लागला. वाऱ्यात शब्द कळले नाहीत. पण त्याच्या पुढच्या मडगार्डवर एका घराण्याचे मोठे नाव आणि त्याखाली तलवारीचे चित्र होते, ते मात्र आम्ही बरोबर वाचले. आमच्या टाकीवर निळे चक्र. आमच्या मनाने हिशोब केला आणि तो असा: याला आपले चक्र खुपले आहे, हा आपल्याला खाली उतरायला सांगतो आहे.

मंडळी म्हणाल्या, "अहो, तो काहीतरी सांगून राहिला."

आम्ही म्हणालो, "सांगू दे." आणि गाडी पळवली.

वाचकहो, आमच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी तो वाडा होता आणि वडिलांची सायकल होती. आम्ही वडिलांसारखेच मान सरळ ठेवून निघालो होतो. आणि आमच्या मागे, ज्यांनी आमच्यावर विसंबून पाठ टेकवली होती, त्यांचा पदर चाकात गुंडाळला जात होता.

त्या दूधवाल्याने आम्हाला सोडले नाही. दुधाने भरलेले कॅन घेऊन, जुन्या एम-एटीवर, त्याने जीव तोडून आम्हाला गाठले, पुढे काढले आणि गाडी सरळ आमच्या आडवी घातली. आम्ही ब्रेक दाबला, संतापाने खाली उतरलो आणि "काय पाहिजे?" म्हणून त्याच्या अंगावर गेलो. त्याने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो आपली गाडी कशीबशी स्टँडवर लावून धावतच आमच्या मागच्या चाकाशी गेला आणि खाली बसला.

"बाई, हलू नका. जशा हात तशाच बसा."

पदराचे टोक ताऱ्यांत जाऊन चाकाच्या मध्यावर पिळा घालून बसले होते. मंडळींचा खांदा आणि चाक यांच्यामध्ये जेमतेम वीतभर कापड मोकळे होते. पदर पिनेने पक्का. अजून पाच-सहा फेरे, आणि मग काय झाले असते ते लिहिण्याचे धाडस आम्हाला आज तेरा-चौदा वर्षांनीही होत नाही. मंडळींनी नंतर सांगितले की त्यांना ओढ जाणवत होती, पण पदर आपल्याच खाली दाबला गेला असेल असे त्यांना वाटले.

त्या माणसाने खांद्याची पिन काढायला लावली. मग आम्हाला म्हणाला, "न्यूट्रल करा आन् गाडी हळूहळू मागं घ्या." आम्ही गाडी इंच-इंच मागे घेत होतो आणि तो धुळीत गुडघे टेकून दोन्ही हातांनी चाकातून कापड सोडवत होता. पांढरा पदर काळा होऊन, फाटून, पण सुटला. त्याचेही हात ग्रीसने काळे झाले. त्याने ते दुपट्ट्याला पुसले आणि मग पहिल्यांदा आमच्याकडे पाहिले.

"भाऊ, पुलापासून हात दाखवून राहिलो तुमाले. माणूस उगाच हात दाखवत नाही. थांबत जा ना."

आमच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी "आपलं नाव?" एवढेच विचारले. तो गाडीला किक मारता मारता म्हणाला, "नावाचं काय घेऊन बसले भाऊ, पदर सांभाळा बाईचा." आणि मान हलवून निघून गेला. तो कोण, कोणत्या गावचा, आम्हाला आजतागायत कळले नाही. पुढे कित्येकदा आम्ही त्या रस्त्याने गेलो. दुधाचे कॅन दिसले की गाडी हळू केली. तो पुन्हा भेटला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर वडिलांना सर्व सांगितले. आधी त्यांनी साडीगार्डावरून आमची जी हजेरी घ्यायची ती घेतली. मग आम्ही म्हणालो, "बाबा, मला वाटलं तो आपल्याला उतरवून राहिला." वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मले उतरवत होते, पोरा. तो आपल्या मनानं उतरला. अन् तुह्या चाकापाशी खाली बसला. दोन्हीतला फरक समजत नसंल तर कायले शिकला?"

कालकथित वडिलांचे हे बोलणे आम्ही विसरू शकत नाही. लादलेले वाकणे नाकारावयाचे, हे त्यांनी करून दाखवले. पण आपल्या राजीखुशीने दुसऱ्याची दखल घेणे म्हणजे वाकणे नव्हे, हे समजावयाला त्यांच्या मुलाला एक साडी आणि जवळजवळ एक माणूस गमवावे लागले असते. एका दूधवाल्याच्या भलेपणाने जात संपली असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. नवरदेव घोड्यावर बसला म्हणून, पोराने मिशी ठेवली म्हणून मारहाण झाल्याच्या बातम्या आजही येतात, आणि तिथे मान सरळच ठेवली पाहिजे. पण प्रत्येक हात मारणाराच आहे असे धरून चालले, तर सावध करणारा हातही आपल्याला दिसत नाही. बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात स्पष्ट सांगितले होते की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धांच्या शिकवणुकीतून घेतली आहेत. यांतली बंधुता आम्हाला सर्वांत सोपी वाटत असे. तीच सर्वांत अवघड आहे; कारण समता कायद्याने मागता येते, बंधुतेची सुरुवात मात्र कोणीतरी स्वतः करावी लागते.

त्या सोमवारपासून आम्ही आधी मान हलवू लागलो. वाणिज्य शाखेच्या माणसाला खतावणी मांडल्याशिवाय चैन पडत नाही. डायरीच्या मागच्या पानावर आम्ही सहा दिवसांचा हिशोब ठेवला. आम्ही केलेली अभिवादने चौसष्ट; परत आलेली एकेचाळीस; समोरून आधी आलेली नऊ. तेवीस बुडीत खाती! त्यांत बुलेटवाल्यांचा एक मोठा ताफाही होता. ते आपसात हात दाखवत होते, आमच्या स्प्लेंडरकडे एकानेही पाहिले नाही. राग आला. पण त्याच आठवड्यात पोत्यांनी लादलेल्या लुनावरून एक कबाडीवाला आला आणि त्याने आमच्याकडे पाहून मान हलवली. आमची मान हलली नाही. मुद्दाम नव्हे, पण हलली नाही. तो गेल्यावर लक्षात आले की बुलेटवाल्यांनी जे आमच्याशी केले तेच आम्ही त्याच्याशी केले. त्या दिवशी हिशोबाचे पान आम्ही फाडून टाकले. पुढच्या आठवड्यात तो कबाडीवाला पुन्हा दिसला तेव्हा आम्ही आधीच मान हलवली. त्याने मागे वळून पाहिले, की हे आणखी कोणाला करून राहिले!

तरुण वाचकांसाठी या अभिवादनाची रीतही सांगून ठेवतो, कारण चुकीच्या वेळी केलेले अभिवादन जीवावर बेतते. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात, म्हणजे समोरचा माणूस आपल्या उजव्या अंगाने जातो. आणि गाडीचा ॲक्सिलरेटर व पुढचा ब्रेक उजव्याच हातात असतो. तेव्हा उजवा हात सोडून नमस्कार करू नये. जर्मनी-अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, तिथे समोरचा डाव्या अंगाने जातो. म्हणून तिकडचे मोटारसायकलवाले डावा हात खाली सोडून एकमेकांना खूण करतात. फ्रान्समध्ये वाट देणाऱ्या गाडीवाल्याचे आभार उजवा पाय बाहेर काढून मानतात म्हणे; आपल्याकडे कोणी असा पाय दाखवला तर पोलीस ठाणे गाठावे लागेल! इंग्लंडमध्ये आपल्यासारखीच डावी बाजू. तिथे नुसती मान हलवतात. आपल्यालाही तेच बरे.

वळणावर, गर्दीत, पावसात, खड्ड्यांच्या रस्त्यावर मानसुद्धा हलवू नये. डोळे रस्त्यावर ठेवावेत, समोरचा समजून घेतो. रात्री डिपर मारून अभिवादन करू नये. एक तर समोरच्याचे डोळे दिपतात, दुसरे म्हणजे आपल्याकडे डिपरचा अर्थ बहुधा 'मी येतोय, बाजू द्या' असाच घेतात. उत्तर आले नाही तर मनाला लावून घेऊ नये; त्याचा हात ब्रेकवर असेल, त्याच्या घरी आजारपण असेल. चौदा एप्रिलच्या रात्री तीन-तीन जण बसून, सायलेन्सर फाडून घोषणा देत फिरणाऱ्या आपल्या मुलांना हात जोडून विनंती, की जय भीम हे अभिवादन आहे, कोणाला दचकवण्याचा आवाज नव्हे.

आणि कोणी रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन उभा असेल तर वेग कमी करून एकदा विचारावे, "काय झालं भाऊ?" बहुधा तो "काही नाही" म्हणेल. पण अपघात झालेला असेल तर घाबरून पुढे जाऊ नये. पोलीस आपल्यालाच अडकवतील ही भीती आपल्या लोकांत फार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली याबाबतचे निर्देश बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. जखमीला मदत करणाऱ्या भल्या माणसाला त्याचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. कायद्याची ही तरतूद वाचली तेव्हा आम्हाला तो दूधवाला आठवला. नाव न सांगता निघून जाण्याचा हक्क त्याने कायदा येण्याआधीच बजावला होता.

आमचा मुलगा आता एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजला गाडीने जातो. परवा तो घरी येऊन म्हणाला, "पप्पा, आज एका काकूंची ओढणी चाकाजवळ लोंबत होती. मी ओरडलो तर त्यांचा मिस्टर माझ्यावरच डाफरला." आम्ही विचारले, "मग?" म्हणाला, "मग काय, पुढं जाऊन थांबवलं." मंडळी स्वयंपाकघरात होत्या. त्या बाहेर आल्या, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काही न बोलता पुन्हा पोळ्या लाटायला गेल्या.

तेव्हा येत्या रविवारी गाडी धुताना वाचक बंधूंनी मागच्या चाकाचे साडीगार्ड एकदा हलवून पाहावे. तुटले असेल तर पुढच्या पगाराची वाट पाहू नये. भगिनींनी बसण्यापूर्वी पदर, ओढणी पुढे घेऊन कमरेला खोचावी. आणि रस्त्यात कोणी अनोळखी माणूस हात दाखवत आला, तर त्याचे मडगार्ड वाचत बसू नये. आधी थांबावे.

जय भीम.